बाव, बावखल आणि वाडी

बावखल म्हणजे काय, हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाचकांना सांगावे लागू नये. परंतु आता ते सांगावे लागते. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील निम्म्या मुलांनी हा शब्द केवळ आजीच्या तोंडून ऐकलेला असतो आणि उरलेल्या निम्म्यांनी तोही नाही. तेव्हा आरंभी एवढे सांगून टाकू, की बावखल म्हणजे वाडीच्या सखल अंगाला खोदलेले, पावसाचे पाणी धरून ठेवणारे लहानसे तळे. त्याला ताशीव पायऱ्या नसतात, घाट नसतो, बहुधा नावही नसते. ज्या कुटुंबाची वाडी, त्या कुटुंबाचे बावखल. किंवा चार भावांच्या वाड्या लागून असतील तर चौघांचे मिळून एक. काठावर उंबर, करंज, भेंडी अशी झाडे आणि जुन्या काळी एका बाजूस रहाट. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, पुढे महिनोगणती वाडीला पाजते आणि वैशाखात तळ दाखवते.

ज्या वस्तूला नाव नाही तिचा इतिहास लिहिणे अवघड जाते. देवळाच्या तळ्यावर शिलालेख असतो, राजाने बांधलेल्या बारवेवर त्याच्या वंशाची प्रशस्ती असते. घरच्या बावखलावर कोण काय कोरणार? म्हणून कोणी ही बावखले पोर्तुगीजांनी खणली असे म्हणतात, तर कोणी त्यांचे वय पाचशे वर्षे असल्याचे अगदी ठरवून सांगतात. आम्हांस ही दोन्ही विधाने घाईची वाटतात. लेख नसले तरी शब्द असतात, आणि या विषयात शब्दांची साक्ष मोलाची आहे. 'बाव' हा शब्द संस्कृत 'वापी'पासून प्राकृत 'वावी'च्या वाटेने आला. गुजरातेतील 'वाव' हे त्याचेच भावंड. 'रहाट' हा शब्द 'अरघट्ट' या संस्कृत शब्दाची झीज होऊन बनला. पोर्तुगीज लोक पाण्याच्या चाकाला 'नोरा' म्हणत, आणि तो शब्द त्यांनी अरबांच्या 'नाऊरा'वरून उचलला होता. वसईच्या बागाईतदाराने रहाट जर त्यांच्याकडून घेतला असता, तर जसा पाव, बटाटा, पगार घेतला तसा 'नोरा'ही आमच्या बोलीत आला असता. तो आला नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली तेव्हा येथील मनुष्य आपल्या शब्दाने आपले पाणी उपसतच होता, असे मानण्यास हा एकच पुरावा आम्हांस पुरेसा वाटतो.

याहून पुष्कळ जुनी साक्ष नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. काळ साधारण इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. उषवदाताने केलेल्या दानधर्माची ती यादी आहे, आणि तीत भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन यांच्याबरोबर शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, या गावाचे नाव येते. या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या आणि 'आराम', 'तडाग' व 'उदपान' करविले. आराम म्हणजे बाग, तडाग म्हणजे तळे आणि उदपान म्हणजे विहीर. हे तीन शब्द एका समासात, एका श्वासात येतात, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बाग करायची तर पाणी धरणारे तळे हवे आणि पाणी देणारी विहीर हवी, हे समीकरण त्या लेखकाने समजावून सांगितलेले नाही. त्याच्या वाचकांना ते ठाऊकच होते. त्याच लेखात सोपाऱ्याच्या रामतीर्थावरील साधुसंघाला नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळाची झाडे दिल्याचा उल्लेख आहे. बत्तीस हजार माड! ते एकट्या पावसाच्या भरवशावर लावलेले नसणार.

खाडीपलीकडच्या साष्टी बेटावर कान्हेरीच्या डोंगरात याच विद्येचे दुसरे रूप दिसते. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेकांच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. कातळाच्या माथ्यावर पडलेला पाऊस बारीक चरांतून वळवून या टाक्यांत आणलेला आहे. लेखांत त्यांना 'पाणियपोढी' म्हटले असून व्यापारी व गृहस्थ यांनी पुण्यार्थ पोढ्या खोदून दिल्याच्या नोंदी आहेत. छपराचे पाणी पन्हळीने टाकीत घेण्याची जी युक्ती आज नवी म्हणून सांगितली जाते, ती येथे कातळातच कोरलेली आहे. मात्र कान्हेरीत खडक होता. वसईत वाळू आहे. खडक पाणी धरतो, वाळू ते सोडते. मग वाळूच्या प्रदेशात साठवण कशी केली? बावखलाचे मर्म येथेच आहे, म्हणून यावर थोडे थांबले पाहिजे.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी, अशा चहूबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या पट्ट्यावर आपली गावे वसली आहेत. येथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. जमिनीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके, समुद्राचे खारे पाणी जड. म्हणून गोडे पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने या तरंगण्याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी उभे असते. याचा उलट अर्थ फार गंभीर आहे. वरची पातळी एक मीटर उतरली, की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू पाहते.

आमच्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते. परंतु विहिरीचे पाणी कधी मचूळ होते आणि कधी गोड राहते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिभेने तपासले होते. बावखल म्हणजे निव्वळ हौद नव्हे. हौदाची किंमत त्यात मावणाऱ्या पाण्यावर ठरते. बावखलाची किंमत त्यातून झिरपून भोवतालच्या वाळूत साठणाऱ्या पाण्यावर. पावसाचे पाणी ओहोळांनी समुद्राला मिळण्याआधी येथे थबकते, हळूहळू जमिनीत उतरते आणि शेजारच्या बावीत गोडे पाणी उंच ठेवते. खरी टाकी म्हणजे जमीन. बावखल हे तिचे तोंड. एक बावखल भरले की चरातून पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि अखेरीस ओहोळात जाई. म्हणून जेथे बावखले होती तेथे मोठा पाऊसही अंगणात फार वेळ थांबत नसे.

या साठ्यातून पाणी उपसण्याचे साधन होते रहाट. बैल किंवा रेडा गोल फिरे, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकाला फिरवीत आणि लोट्यांची माळ भरून वर येई, रिकामी होऊन खाली जाई. लोट्यांतले पाणी पन्हळीत, पन्हळीतून पाटात, पाटातून केळीच्या आळ्यांत आणि पानवेलीच्या वाफ्यांत. रहाटाची करकर ही वाडीतल्या पहाटेची खूण असे, असे वयस्क मंडळी अजून सांगतात. या यंत्राचे दोन गुण, ज्यांना पुढे दोष मानण्यात आले, आम्हांस महत्त्वाचे वाटतात. एक, त्याला फार खोल पाणी परवडत नसे. म्हणून पाणी वर राखणे, अर्थात बावखल राखणे, हे ज्याच्या त्याच्या स्वार्थाचेच होते. दुसरे, जनावर दमते. दुपारी रहाट थांबे आणि तेवढ्या वेळात वाळूतून झिरपून बाव पुन्हा भरे. उपशाला मर्यादा घालणारा कायदा नव्हता. बैलाची दमछाक हाच कायदा होता.

या पाण्यावर जे उभे राहिले ते आमच्या वाचकांच्या घरचेच आहे, म्हणून ते विस्ताराने सांगत नाही. राजेळी केळे आणि त्याची सुकेळी, पानवेल, वांगी, मुळा, कारली, दुधी, मोगरा, सोनचाफा. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने आगाशीच्या सुकवलेल्या केळ्यांची मुद्दाम नोंद घेतलेली आहे. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि वाडीतला माल मुंबईच्या बाजारात रोज पहाटे पोहोचू लागला. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहिल्या गाडीने जाणाऱ्या आमच्या स्त्रियांनी किती मुलांची शिक्षणे केली, किती घरांवर कौले चढवली आणि आमच्या किती ख्रिस्तमंदिरांच्या बांधकामाला हातभार लावला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या हिशेबाच्या मुळाशी बावखलाचे पाणी आहे. आणि हे पाणी केवळ पिकाचे नव्हते. म्हशी येथेच डुंबत, कपडे येथेच धुतले जात, मुले येथेच पोहायला शिकत, माशांची चंगळ येथेच होई आणि शेजारच्या हिंदू घरातील गणपतीचे विसर्जनही पुष्कळदा येथेच होई. घर बांधताना जोत्याच्या भरणीला लागणारी माती याच खड्ड्यातून काढली जाई, असे जुने लोक सांगतात. म्हणजे ज्या खड्ड्याने घर उंच केले तोच पुढे घराला पाणी देई.

मग हे मोडले कसे? दोष एकट्याचा नाही, आणि सगळाच बाहेरच्यांचाही नाही. प्रथम तेलाचे इंजिन आले, नंतर विजेचा पंप. पंप दमत नाही. वाळूतून जेवढे झिरपते त्याहून अधिक वेगाने तो ओढतो, आणि उपसा चालू असलेल्या बावीखाली खारे पाणी शंकूसारखे वर चढू लागते. केळीला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात. खोल पाणीही पंपाला मिळू शकते, असे दिसल्यावर बावखल राखण्याचे कारणच कोणाला उरले नाही. त्यातच १९८० नंतर रेल्वेलगत झपाट्याने वस्ती वाढली. त्या वस्तीला नळ नव्हते. वाडीतल्या विहिरी होत्या. टँकर वाडीच्या तोंडाशी उभे राहू लागले. आपले पाणी विकणारे हात आपलेच होते, हे आम्ही कटुतेने नव्हे, पण स्पष्टपणे लिहितो. एका मोसमात केळीच्या घडांनी जे दिले नसते ते टँकरने महिन्यात दिले. ज्याने विकले त्याच्या विहिरीचे पाणी गेले, आणि ज्याने विकले नाही त्याच्याही. कारण जमिनीखाली बांध नसतात.

१९९० साली सिडकोकडे या विभागाचे नियोजन सोपवण्यात आले. त्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला तो सर्वश्रुत आहे. पाण्याच्या उपशाचा प्रश्न त्या लढ्याच्या अगदी मध्यभागी होता. २००९ साली महानगरपालिका आली. उसगाव, पेल्हार, पापडखिंड येथील धरणांचे आणि पुढे सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाने येऊ लागले. नळ आला हे चांगलेच झाले. डोक्यावर हंडे वाहिलेल्या स्त्रीला नळाविरुद्ध प्रवचन देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु नळाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. जेथून पाणी येत होते ती जागा मोकळी, आणि म्हणून भरणीस योग्य, दिसू लागली.

मुंबईने हाच मार्ग शतकापूर्वी चालून दाखवला आहे. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानशाचे. त्यानंतर शहरातली जुनी तळी अडगळ ठरली. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. घरगुती विहिरींतील स्वच्छ पाण्यात हिवतापाचे डास वाढतात असे त्यात दाखवले होते, आणि ते खरेच होते. त्यावर विहिरी झाकण्याचा आणि बुजवण्याचा सपाटा चालला. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी.पी. टँक ही नावे आज बसच्या पाट्यांवर आहेत. पाणी कोठेच नाही. डास होते हे मान्य. पण झाकता येणारी विहीर बुजवणे हा उपाय अंमळ जालीमच म्हटला पाहिजे. बावखलात तर लहान मासे असत आणि ते डासांच्या अळ्या खात. मासे मरतील असे सांडपाणी त्यात सोडले गेले तेव्हापासून त्या तळ्यांचीही दुर्गंधी आणि डास यांबद्दल तक्रार होऊ लागली. आधी घाण करावी आणि मग घाण आहे म्हणून बुजवावे, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे उत्पत्तीच्या पुस्तकातील सव्विसावा अध्याय आठवेल. अब्राहामाच्या वेळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या, आणि इसहाकाने त्या पुन्हा खणून त्यांना बापाने ठेवलेलीच नावे दिली. पाण्याचा तो कोरडा प्रदेश होता. तेथे विहीर बुजवणे हे शत्रूचे काम समजले जाई. त्याच प्रदेशात, मृत समुद्राच्या पूर्वेला, १८६८ साली मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. तो ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. शहरात एकही टाके नाही असे पाहून प्रत्येकाने आपल्या घरात टाके करावे, अशी आज्ञा आपण प्रजेला केल्याचे हा राजा त्यात नोंदवतो. घरोघरी पाऊस साठवण्याचा सरकारी हुकूम एवढा जुना आहे. आपल्याकडे तमिळनाडूने तो २००३ साली सर्व इमारतींना लागू केला. मुंबईत २००२ साली हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना आणि २००७ साली तीनशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांना तो लागू झाला.

बावखलाला मात्र असा कोणाचा आधार नाही. गावतळ्यांचे रक्षण झाले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्वच्छ सांगितले. परंतु तो निर्णय सार्वजनिक तळ्यांबद्दल होता. बावखल खाजगी वाडीत असते. मालकाच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर आठ-दहा वारसांची नावे चढतात. त्यांतले तीन परदेशी, दोन मुंबईत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारे पाणी मोजता येत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जमीन मात्र चौरस फुटांत मोजता येते. भरणीचे डंपर रात्री येतात आणि सकाळी तेथे मैदान असते. वारसांच्या भांडणात आम्हांस मध्यस्थीला बोलावले जाते, आणि जमिनीचा भाव सर्वांना पाठ असतो. बावखल गेल्यावर उरलेल्या वाडीच्या विहिरीचे काय होईल, हा प्रश्न बहुधा आम्हांसच विचारावा लागतो. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या. ओहोळांवर झालेली बांधकामे, खाडीकाठची भरणी अशी कारणे त्यामागे अनेक होती. पण शेकडो वाड्यांतील पाणी थबकण्याच्या जागा गेल्यावर ते पाणी दिवाणखान्यात येणार, हे समजण्यास अहवालाची गरज नव्हती.

ज्यांच्याकडे बावखल नाही, पण अंगण आहे, चार माड, दहा केळी, तुळस, मोगरा आहे, त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. शंभर चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी. उडून, सांडून पाचवा भाग गेला असे धरले तरी एक लाख साठ हजार उरते. ऑक्टोबर ते मे या दोनशे चाळीस दिवसांना ते वाटले तर रोजचे साडेसहाशे लिटर होतात. घरच्या बागेला ते भरपूर आहेत. आता एवढे पाणी सिमेंटच्या टाकीत ठेवायचे म्हटले तर दहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि चार मीटर खोल खड्डा बांधून घ्यावा लागेल. इतका खर्च कोण करणार, आणि जागा तरी कोठे? म्हणून लहान टाकी थोड्या दिवसांपुरती ठेवावी आणि उरलेले पाणी आपल्याच जुन्या बावीजवळ जमिनीला द्यावे. जमीन भाडे मागत नाही. मात्र एक सांगितले पाहिजे: जमिनीला दिलेले पाणी केवळ आपले राहत नाही, शेजाऱ्याच्या बावीतही जाते. एकट्या घराने केले तर फरक जाणवणार नाही. आळीने मिळून केले तर दोन-तीन पावसाळ्यांत पाण्याची चव सांगू लागेल.

रीत फारशी कठीण नाही. मे महिन्यात छप्पर व पन्हळी झाडून घ्याव्यात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते बाहेर जाऊ द्यावे. पुढचे पाणी थेट विहिरीत न सोडता बाजूच्या खड्ड्यातून गाळून न्यावे. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. ही वरची वाळू दर वर्षी काढून धुवावी लागते, आणि लोक नेमके तेच विसरतात. शौचालयाची टाकी जवळ असेल तर खड्डा तेथे घेऊ नये. साठवणीच्या टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला बारीक जाळी हवी, नाहीतर डॉ. बेंटलींचे म्हणणे आपणच खरे करून दाखवू.

आणि ज्यांच्याकडे बावखल अजून आहे त्यांनी वैशाखात, तळ उघडा पडला की, गाळ काढून घ्यावा. गाळ साचत गेला की पाणी मुरणे मंदावते आणि तळे उथळ होते. पूर्वी हा गाळ पाटीपाटीने केळीच्या बुंध्याशी घालीत. आजही त्याहून चांगले खत विकत मिळत नाही. काठचा उंबर तोडू नये, त्याची मुळे दरड धरून ठेवतात. बावखलात येणारे चर पत्र्याने किंवा भिंतीने अडले असतील तर ते मृगाच्या आधी मोकळे करावेत.